सह्याद्रीच्या रानात जमिनीतले कीटक मोजायचे तर

पाहणीचा आराखडा निवडणीच्या टेबलापासून आखायला घ्या, जंगलाचा नकाशा नंतर उघडा. कीटक आत पडावेत म्हणून जमिनीत वीस कप पुरणं आणि वीस चौकोनांतला पाचोळा चाळणं हे तीन-चार माणसांचं दोन-तीन दिवसांचं काम आहे. त्यातून निघालेले जीव सूक्ष्मदर्शकाखाली गटवार लावायला मात्र एका माणसाचा महिना सहज जातो. हा हिशेब न करता भरलेल्या बाटल्या वर्षानुवर्षं कपाटात पडून राहतात. अल्कोहोल उडतं, चिठ्ठ्या पुसट होतात आणि मारलेले हजारो जीव फुकट जातात. म्हणून निवडायला किती हात आहेत, किती दिवस आहेत आणि ओळख पटवून देणारं कोण आहे, हे आधी ठरवायचं. उत्तर ‘दोघं, दोन महिने, मुंग्यांचे एक जाणकार’ असं असेल तर मुंग्यांचीच पाहणी करा. बाकीचे गट नीट भरून ठेवले तर नंतर दुसरं कोणी पाहू शकतं.

इथे दिलेली पद्धत आंबोली, तिलारी, राधानगरी, चांदोली, कोयना, भीमाशंकर आणि गोव्यातली सत्तरी अशा सदाहरित आणि निमसदाहरित रानांसाठी आहे. मोजमापं बहुतेक आंतरराष्ट्रीय प्रघातातली आहेत, त्यामुळे तुमचे आकडे केरळातल्या किंवा बोर्निओतल्या आकड्यांशेजारी ठेवता येतात. सोयीसाठी मापं बदलायचा मोह होतो. तो टाळा.

कोण कुठे राहतं

एकच सापळा लावून ‘जमिनीतले कीटक’ मोजता येत नाहीत. जमिनीवर धावणारे मोठे मुंगळे, रातकिडे, भुंगेरे आणि झुरळं पुरलेल्या कपात पडतात. पाचोळ्याच्या थरातून हळूहळू चालणाऱ्या दोन-तीन मिलिमीटरच्या मुंग्या कपात क्वचितच येतात, त्यांच्यासाठी पाचोळा चाळावा लागतो. स्ट्रुमिजेनिस ही मुंगी त्यातलीच. धोका वाटला की ती पाय आखडून मातीच्या कणासारखी पडून राहते, त्यामुळे नुसत्या डोळ्यांनी पाचोळा चाचपणाऱ्याला ती दिसतच नाही. हुमणी, माशांच्या अळ्या आणि सिकाड्यांची पिल्लं मातीत खोल असतात, ती खणूनच काढायची. वाळवी लाकडात, वारुळात आणि मातीतल्या बोगद्यांत असते, तिला स्वतंत्र शोध लागतो.

कोलेंबोला, म्हणजे शेपटीखालच्या चिमट्याने उडी मारणारे बारीक जीव, संख्येने सगळ्यांवर मात करतात. पाय सहा असले तरी आजच्या वर्गीकरणात त्यांना कीटकांत धरत नाहीत. मोजायचे तर मोजा, पण त्यांचा रकाना वेगळा ठेवा. ते कीटकांच्या एकूण संख्येत मिसळले की बाकी सगळ्यांचं प्रमाण बिघडतं.

परवानगी आणि मोसम

राष्ट्रीय उद्यान किंवा अभयारण्य असेल तर १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याप्रमाणे मुख्य वन्यजीव रक्षकांची लेखी परवानगी लागते. महाराष्ट्रात हे कार्यालय नागपूरला आहे. अर्जात ‘कीटकांचा अभ्यास’ एवढंच लिहू नका. किती खड्डे, किती बाय किती आणि किती खोल, किती चौरस मीटर पाचोळा, जीव मारणार की सोडणार, कुठल्या संग्रहात ठेवणार, हे सगळं लिहा. फाटकावरचा वनरक्षक हेच विचारतो आणि कागदात नसेल तर पहार-फावडं आत नेऊ देत नाही. देवराईत वन खात्यापेक्षा गावाची परवानगी महत्त्वाची. गावकऱ्यांनी देवापुढे गाऱ्हाणं घालायला सांगितलं तर घालावं, आणि तिथे खणू नये. पाचोळ्याच्या नमुन्यावर भागवावं. नमुने परदेशातल्या तज्ज्ञाला पाठवायचे असतील तर चेन्नईच्या राष्ट्रीय जैवविविधता प्राधिकरणाचे नियम आधी पाहा, पार्सल बांधल्यावर नव्हे.

मोसमांत सर्वांत चांगला काळ ऑक्टोबरच्या मध्यापासून नोव्हेंबर अखेरपर्यंतचा. माती ओली असते, पण पाचोळा हातात घेतला तर पाणी गळत नाही. दुसरी फेरी करायची तर मेच्या शेवटच्या आठवड्यात, मिरगाचा पाऊस धरायच्या आत. पहिल्या मोठ्या सरीनंतर वाळवीचे आणि मुंग्यांचे पंखवाले जीव बाहेर पडतात, कपांत त्यांचा खच पडतो आणि त्या आठवड्याचा आकडा बाकी वर्षाशी जुळत नाही. जुलै-ऑगस्टमध्ये आंबोलीसारख्या वर्षाला सात हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस होणाऱ्या ठिकाणी कप भरून वाहतात आणि पिशव्यांतला पाचोळा आठवडाभर वाळत नाही. त्या दिवसांत मातीचे ठोकळे काढता येतात, बाकी पद्धती बंद ठेवा. फेब्रुवारी-मार्चमध्ये बरेच जीव खोल गेलेले असतात. तेव्हाच्या पाचोळ्यात कमी जाती मिळाल्या म्हणून रान गरीब ठरत नाही. दोन जागांची तुलना नेहमी एकाच मोसमातली हवी, जमल्यास त्याच पंधरवड्यातली.

रेषा टाकणं

पाचोळ्यातल्या मुंग्यांसाठी रुळलेली मांडणी अशी: २०० मीटरची सरळ रेषा, दर १० मीटरवर एक ठाणं, म्हणजे २० ठाणी. प्रत्येक ठाण्यावर एक कप आणि एक चौरस मीटर पाचोळा. रेषा रस्ता, पाऊलवाट, ओढा किंवा रानाची कड यांपासून निदान ५० मीटर आत असावी. टेपने अंतर मोजा, पावलांनी नाही. चढावर पावलं आखूड पडतात. ठाणं कातळावर किंवा झाडाच्या बुंध्यावरच आलं तर ठरलेल्या एकाच बाजूला, समजा डावीकडे, दोन मीटर सरका आणि तसं लिहून ठेवा. ‘जरा बरी जागा’ निवडायला लागलात की पाचोळा जाड असलेली ठिकाणंच नमुन्यात येतात.

प्रत्येक प्रकारच्या रानात अशा तीन तरी रेषा हव्यात, एकमेकींपासून ५०० मीटर लांब. एका रेषेवरचे वीस कप म्हणजे वीस रानं नव्हेत. परिसरशास्त्रज्ञ स्टुअर्ट हर्लबर्ट यांनी १९८४ मध्ये खोट्या पुनरावृत्तीची ही चूक नीट उलगडून दाखवली, तरी प्रबंधांत ती अजून सर्रास दिसते. वेळ कमी असेल तर प्रत्येक रेषेवरची ठाणी वीसवरून दहावर आणा, पण रेषा तीनच ठेवा.

प्रत्येक ठाण्यावर पाचोळ्याची जाडी पट्टीने चार कोपऱ्यांत मोजा, ५ सेंटिमीटर खोलीवर मातीचं तापमान घ्या आणि मूठभर माती हवाबंद डब्यात भरा. ती ओली असताना तोला, १०५ अंश सेल्सिअसला २४ तास वाळवून पुन्हा तोला. वजनातली घट भागिले कोरडं वजन, हा झाला ओलावा. पुढे आकडे विचित्र दिसले तर बऱ्याचदा कारण या तीन नोंदींतच सापडतं.

कप पुरणं

७ ते ८ सेंटिमीटर तोंडाचे, १० सेंटिमीटर खोल प्लॅस्टिकचे कप घ्या, प्रत्येक ठाण्याला दोन. एकात एक बसवून पुरायचे. आतला उचलून गाळला तरी बाहेरचा खड्डा ढासळू देत नाही. खड्डा कपापेक्षा किंचितच मोठा हवा. सांध्यात चाळलेली बारीक माती भरून अंगठ्याने दाबत जा. इथेच खरी कसोटी असते: कपाची कड जमिनीच्या वर एक मिलिमीटर जरी उभी राहिली तरी छोटी मुंगी तिथवर येते, मिशा टेकवते आणि कडेकडेने वळसा घालून निघून जाते. कड जमिनीच्या सपाटीत किंवा केसभर खाली हवी. डोळा जमिनीला टेकवून बघा, उभ्याने कळत नाही. शेवटी उपसलेली माती लांब टाका आणि आधी होता तसा पाचोळा कडेपर्यंत पसरा.

ताज्या उकरलेल्या मातीकडे मुंग्या जास्त येतात, म्हणून पुरल्या दिवशीच कप उघडले तर पहिल्या दोन दिवसांची पकड फुगते. झाकण लावून तीन ते सात दिवस तसेच राहू द्या, मग उघडा आणि बरोबर ४८ तासांनी गोळा करा. एका रेषेवरचे कप उघडायला अर्धा तास लागत असेल तर गोळाही त्याच क्रमाने करा.

कपात ६० मिलिलिटर द्रव पुरतो, म्हणजे वीस कपांना सव्वा लिटर. प्रोपिलीन ग्लायकॉल आणि पाणी निम्मं-निम्मं हे सर्वांत चांगलं. ते उडत नाही आणि जीव मऊ राहतात. स्वस्तात करायचं तर मीठ विरघळेनासं होईपर्यंत घातलेलं पाणी, लिटरला साधारण ३५० ग्रॅम. दोन्हींत बिनवासाच्या साबणाचे दोन-तीन थेंब टाका. पाण्याच्या पृष्ठभागाचा ताण मोडला नाही तर मुंग्या त्यावरून चालत कडेला पोचतात. गाडीच्या रेडिएटरमधलं एथिलीन ग्लायकॉल वापरू नका. ते गोड आणि विषारी असतं, आणि उदमांजर किंवा कुत्रा पिऊन मरू शकतो. अल्कोहोलही नको. उन्हात उडतं आणि त्याच्या वासाने काही भुंगेरे मुद्दाम येतात.

कपावर १५ सेंटिमीटरचं छप्पर हवं: प्लॅस्टिकची ताटली, तीन काड्यांवर, जमिनीपासून तीन-चार सेंटिमीटर उंच. तोंडावर एक ते दीड सेंटिमीटर छिद्रांची तारेची जाळीही बसवा. सह्याद्रीत ती चैन नव्हे. कपात बेडकं, सापसुरळ्या आणि चिचुंद्र्या पडतात. आंबोलीच्या सड्यांवर तर २००९ मध्ये वर्णन झालेला, त्या भागाबाहेर फारसा कुठे न सापडणारा झँथोफ्रिनी टायगरिना हा छोटा भेक आहे. कीटक मोजताना तो मारणं परवडणारं नाही. जाळीचा तोटा असा की मोठे शेणकिडे आणि मोठे रातकिडे वरच अडतात. म्हणून सगळ्या रेषांवर जाळी लावा किंवा कुठेच लावू नका.

खेकडे, रानडुकरं आणि माकडं कप उपटतात. मिठाच्या पाण्याकडे गवेही येतात. वीसपैकी दोन-तीन कप जाणार हे धरूनच चला. उपटलेल्या कपाची नोंद ‘निकामी’ अशी करा, शून्य लिहू नका. कप शाबूत होता पण रिकामा होता, तर शून्य. या दोन गोष्टी वहीत एक झाल्या की नंतर वेगळ्या करता येत नाहीत.

गोळा करताना आतला कप बारीक गाळणीवर ओता. चहाच्या गाळणीतून छोट्या मुंग्या निसटतात, म्हणून आत पातळ सुती कापड घाला. जीव साध्या पाण्याने धुऊन लगेच ७५ टक्के अल्कोहोलमध्ये भरा. मिठाचं पाणी धुतलं नाही तर अंगावर स्फटिक जमतात आणि बारीक केस दिसेनासे होतात.

शेणकिडे हवे असतील तर शेणाचं आमिष टांगलेले वेगळे सापळे लावावे लागतात आणि त्यांच्यात निदान ५० मीटर अंतर ठेवावं लागतं. जवळ लावले तर वास मिसळतो.

पाचोळा चाळणं

पीव्हीसी पाइपचे चार तुकडे आणि चार कोपरे जोडून एक मीटर बाय एक मीटरची चौकट करा. कपापासून एक-दोन मीटर बाजूला, अजून कोणी पाय न दिलेल्या जागी टाका. पाचोळा कडांपासून मधे ओढत या. मधून सुरुवात केली तर कडेचे जीव बाहेर पळतात. पानं, काटक्या, कुजलेल्या लाकडाचे हाताने मोडतील ते तुकडे आणि खालची भुसभुशीत काळी माती खुरप्याने खरवडून घ्या. घट्ट माती लागली की थांबा.

हे सगळं एक सेंटिमीटर छिद्रांच्या जाळीवर, खाली सुती पिशवी लावून, जोरात हलवा. प्रत्येक चाळणीला निदान एक मिनिट, घड्याळ लावून. दुपारी हात थकतात आणि शेवटच्या ठाण्यांवर चाळणं निम्म्यावर येतं. रेषेच्या शेवटी जाती कमी दिसण्याचं हे अगदी सामान्य कारण आहे. चाळणारा माणूस दर पाच ठाण्यांनी बदला. खाली पडलेल्या चुऱ्याचं माप लिटरमध्ये लिहा आणि चुरा सुती पिशवीतच, सावलीत ठेवा. प्लॅस्टिकच्या पिशवीत आतून पाणी सुटतं, बारीक जीव त्याला चिकटून मरतात आणि अर्धा नमुना पिशवीबरोबर फेकला जातो.

तळावर हा चुरा विंकलर पिशवीत भरायचा. बाहेरची पिशवी सुती, खाली निमुळती होत जाणारी, टोकाला अल्कोहोलचा कप. आत ४ मिलिमीटर जाळीची चपटी पिशवी, तीत चुरा. चुरा वाळत जातो तसे जीव ओलाव्याच्या शोधात बाहेर येतात आणि खाली पडतात. वीज लागत नाही, म्हणून दूरच्या तळावर ही पद्धत सर्वांत सोयीची. कोणताही शिंपी नमुना दाखवला की शिवून देतो. जाळीची पिशवी मात्र बाहेरच्या कापडाला टेकता कामा नये. टेकली तर जीव थेट कापडावर चढून बसतात.

भरताना बरीच माती खाली पडते. म्हणून आधी कपाच्या जागी कोरडी वाटी लावा, पडलेली माती पुन्हा जाळीत टाका आणि मगच अल्कोहोलचा कप बांधा. ४८ तास टांगून ठेवा. २४ तासांनी जाळीतला चुरा परातीत ओतून हाताने सैल करून पुन्हा भरला तर उशिरा निघणारे जीवही सुटतात, पण हे केलंत तर प्रत्येक नमुन्याला करा. दोरीला वर ग्रीस लावायला विसरू नका. विश्रामगृहातल्या घरमुंग्या दोरीवरून उतरून कपात पडतात आणि दाट रानातल्या यादीत शहरातली जात घुसते. असं नाव यादीत दिसलं तर आधी दोरी तपासा.

पाचोळा हाताळताना गोचिडांचा विचार हवाच. सिंधुदुर्गातल्या दोडामार्गात आणि गोव्यातल्या सत्तरीत माकडतापाचे रुग्ण आढळले आहेत. तो गोचिडांमुळे पसरतो आणि साधारण डिसेंबर ते मे त्याचा मोसम असतो. अंगावर चढणारी गोचिडीची पिल्लं पाचोळ्यातच असतात. पाचोळ्यावर बसू नका, पायमोजे पँटवर ओढा, संध्याकाळी अंग तपासा. मेलेलं माकड दिसलं तर ती जागा सोडा आणि वन खात्याला कळवा. आठ-दहा दिवसांत ताप आला तर डॉक्टरांना रानात गेल्याचं आधी सांगा. गोचीड-डास पळवणारं मलम मनगटाच्या वर लावा आणि हातमोजे घाला. बोटांवरचं मलम नमुन्यात उतरतं. जांभ्याच्या दगडांत आणि काटक्यांखाली फुरसं असतं, म्हणून चौकटीतला पाचोळा पहिल्यांदा काठीने हलवा, हाताने नाही.

मातीचा ठोकळा

उष्णकटिबंधातल्या मातीसाठी रुळलेलं माप २५ बाय २५ सेंटिमीटर, ३० सेंटिमीटर खोल. आधी चारी बाजूंनी चर खणून ठोकळा मोकळा करा, मग १० सेंटिमीटरचे तीन थर वेगवेगळे कापून पांढऱ्या ट्रेमध्ये फोडा. पहिला थर उचलायला उशीर केला तर गोम आणि झुरळं खाली किंवा बाजूला सटकतात, त्यामुळे चर खणण्याआधी वरचा पाचोळा पटकन पिशवीत भरून घ्या. एका ठोकळ्यात मिळालेल्या संख्येला १६ ने गुणलं की चौरस मीटरची संख्या येते.

जांभ्यावर बऱ्याच ठिकाणी १८-२० सेंटिमीटरवर पहार ठणकते. तिथे ‘३० सेंटिमीटर’ असं लिहू नका, मिळालेली खोली लिहा. माती चिकट असेल तर ढेकूळ बोटांनी दाबून फोडू नका, मऊ अळ्या चिरडतात. थोडं पाणी मारा, दहा मिनिटं थांबा, ढेकूळ आपोआप सुटतं. हुमणी आणि इतर अळ्या थेट अल्कोहोलमध्ये टाकल्या तर दोन दिवसांत काळ्या पडतात. आधी उकळतं पाणी ओतून एक मिनिट ठेवा, मग अल्कोहोल. पाहणी झाली की खड्डे बुजवा, वरची माती वर आणि खालची खाली.

हाताने न दिसणाऱ्या बारीक जीवांसाठी ५ सेंटिमीटर व्यासाचं, ५ ते १० सेंटिमीटर खोल नळकांडं मातीत ठोकून काढा आणि दिव्याखालच्या नरसाळ्यात ठेवा. हे यंत्र आंतोनिओ बर्लीझे यांनी १९०५ मध्ये केलं आणि अल्बर्ट तुलग्रेन यांनी पुढे त्याला दिवा जोडला. मातीचा वरचा भाग खाली येईल असा उलटा ठेवायचा, म्हणजे जीव आपल्याच वाटांनी बाहेर येतात. दिवा तारेचा, २५ ते ४० वॅटचा हवा. एलईडी बल्ब उजेड देतो पण माती तापवत नाही, आणि आठवड्याने नमुना रिकामा निघाला की दोष मातीला दिला जातो. तारेचे बल्ब आता गल्लीच्या दुकानात सहज मिळत नाहीत, आधी जमवून ठेवा. पहिले दोन दिवस दिवा उंच धरा, मग हळूहळू खाली आणा. एकदम तापवलं तर वरचा थर कडक होतो आणि मऊ जीव आतच वाळतात. पाच ते सात दिवस लागतात. माती रानातून आणताना दाबू नका, थंड पेटीत ठेवा, गोठवू नका, आणि दोन दिवसांच्या आत नरसाळ्यात घाला.

वाळवी

तिच्यासाठी १०० मीटर लांब, २ मीटर रुंद पट्टा घ्या आणि ५ मीटरचे २० तुकडे पाडा. प्रत्येक तुकड्यात दोघांनी अर्धा-अर्धा तास शोधायचं. १२ बाय १२ सेंटिमीटर आणि १० सेंटिमीटर खोल असे मातीचे १२ नमुने, पडलेली लाकडं, बुंध्याशी साठलेला पाचोळा, वारुळं आणि झाडावर दोन मीटर उंचीपर्यंतच्या मातीच्या नळ्या पाहायच्या. वारूळ मोडून काढू नका, कोपरा उघडून नमुना घ्या आणि बंद करा. बाटलीत सैनिक यायलाच हवेत. नुसत्या कामकऱ्यांवरून जात सांगणं बहुतेक वेळा जमत नाही. लाकूड फोडल्याबरोबर सैनिक पुढे येतात आणि दोन मिनिटांत परत आत जातात, म्हणून चिमटा हातात घेऊनच कोयता चालवा. सैनिक नसलेल्याही जाती आहेत, त्यामुळे सैनिक दिसले नाहीत तरी पाच-दहा कामकरी भरा.

बाटली आणि चिठ्ठी

रचना पाहण्यासाठी ७५ टक्के अल्कोहोल, डीएनएसाठी ९५ टक्के. ९५ टक्क्यांपासून ७५ टक्क्यांचं एक लिटर करायला ७९० मिलिलिटर घ्या आणि पाण्याने लिटर पुरा करा. ९५ टक्क्यांत मुंग्या कडक होतात आणि पाय मोडतात, म्हणून सगळंच त्यात भरू नका. बाटलीत जीव एक भाग आणि अल्कोहोल तीन भाग हवं. पहिल्या दिवसानंतर एकदा बदला, कारण जीवांच्या अंगातलं पाणी ते पातळ करतं. शुद्ध अल्कोहोल विकत घ्यायला राज्य उत्पादन शुल्क विभागाचा परवाना लागतो. महाविद्यालयामार्फत तो आधीच काढून ठेवा, कारण ऐन वेळी मिळत नाही.

चिठ्ठी बाटलीच्या आत, जाड कागदावर, पेन्सिलीने. बॉलपेन आणि जेलपेनची शाई अल्कोहोलमध्ये विरघळते, बाहेर चिकटवलेलं लेबल सुटतं. चिठ्ठीवर राज्य, जिल्हा, ठिकाण, पाच दशांश स्थळांपर्यंत अक्षांश-रेखांश, समुद्रसपाटीपासून उंची, तारीख, पद्धत, रेषा आणि ठाणं, गोळा करणाऱ्याचं नाव. ‘आंबोली, कप ७’ एवढ्यावर सहा महिन्यांनी काहीच सांगता येत नाही.

निवडणी

पहिल्या फेरीत फक्त गट पाडा: मुंग्या, वाळवी, भुंगेरे, अळ्या, इतर. १० पट भिंगावर हे होतं. दुसऱ्या फेरीत एका गटाची सगळी ठाणी सलग घ्या आणि ४० पटीवर प्रजातीपर्यंत (जीनस) जा. जातीचं (स्पीशीज) नाव लागत नसेल तर, समजा फिडोल या मुंग्यांच्या प्रजातीत, ‘फिडोल १’, ‘फिडोल २’ असं देऊन प्रत्येकाचा एक नमुना सुईवर चढवा, छायाचित्र काढा आणि पुढचा प्रत्येक जीव त्या नमुन्याशी ताडून पाहा, स्मरणाशी नाही.

फिडोलमध्येच नवखे सगळ्यात जास्त फसतात. एकाच घरट्यात छोटी कामकरी आणि भलत्याच मोठ्या डोक्याची मोठी कामकरी, दोन्ही असतात. नुसत्या दिसण्यावर गेलात तर एका जातीच्या दोन होतात आणि सहा-सात जातींच्या रानात यादी दुप्पट फुगते. आधी छोट्या कामकऱ्या एकमेकींशी ताडा, मग मोठ्यांच्या जोड्या एकाच नमुन्यात कोण कोणाबरोबर सापडलं त्यावरून लावा. राण्या आणि पंखवाले नर वेगळ्या बाटलीत ठेवा आणि जातींच्या संख्येत धरू नका. भुंगेऱ्यांच्या अळ्यांचंही तसंच: अळी आणि प्रौढ यांची जोडी डीएनएशिवाय सहसा लागत नाही, म्हणून अळ्यांची यादी वेगळी.

आकडे

मुंग्या आणि वाळवी घरट्याने राहतात. घरट्याशेजारी पुरलेल्या एका कपात एकाच जातीच्या चारशे मुंग्या येतात आणि सरासरी निरर्थक होते. त्यांच्यासाठी डोकी मोजू नका, ‘वीसपैकी किती ठाण्यांत सापडली’ एवढंच घ्या. भुंगेरे आणि अळ्यांची संख्या मोजायला हरकत नाही.

मग न सापडलेल्यांचा अंदाज. संख्याशास्त्रज्ञ ॲन चाओ यांच्या सूत्रात एकाच ठाण्यात सापडलेल्या जातींच्या संख्येचा वर्ग घ्यायचा, दोन ठाण्यांत सापडलेल्या जातींच्या संख्येच्या दुपटीने भागायचा आणि सापडलेल्या जातींत मिळवायचा. समजा ४६ जाती सापडल्या, त्यांतल्या १४ एकदाच, ७ दोनदा. १९६ भागिले १४ म्हणजे १४, म्हणजे रेषेवर निदान ६० जाती असाव्यात. ठाणी वीसच असल्यामुळे मिळवायच्या १४ ला १९/२० ने गुणायचं, तेव्हा ५९ च्या आसपास. हा खालचा अंदाज आहे, वरचा नव्हे. दोनदा सापडलेल्या जाती शून्य असतील तर हे सूत्र लागत नाही, त्यासाठीचं सुधारित रूप वापरा. ही कामं आर (R) या संगणकीय भाषेतल्या आयनेक्स्ट पॅकेजने किंवा रॉबर्ट कोलवेल यांच्या एस्टिमेट्स या प्रोग्रामने होतात. निम्म्या जाती एकेकदाच सापडल्या असतील तर दोन रानांची तुलना लिहायला बसू नका, अजून एक रेषा टाका. कप आणि पाचोळा यांचे आकडे आधी वेगळे मांडा, नंतर एकत्र. कपांच्या यादीवरून एक रान आणि पाचोळ्याच्या यादीवरून दुसरं रान श्रीमंत दिसलं, तर तो निकाल आहे. तो लपवू नका.

शेवटी नमुने. प्रत्येक जातीचे निदान तीन नमुने, मिळतील तिथे सैनिक किंवा मोठ्या कामकरीसकट, पुण्यात आकुर्डीला असलेल्या भारतीय प्राणी सर्वेक्षणाच्या पश्चिम विभागीय केंद्रात किंवा अशाच नोंदणी क्रमांक देणाऱ्या संग्रहात जमा करा, आणि तो क्रमांक अहवालात जातीच्या नावासमोर छापा. ‘फिडोल ३’ म्हणजे नेमकी कोणती, हे दहा वर्षांनी तपासणाऱ्याला तोच क्रमांक लागेल. अहवालाची एक प्रत वन परिक्षेत्र कार्यालयात आणि देवराईत काम केलं असेल तर एक ग्रामपंचायतीत द्या, मराठीत.